वर्सोव्याची मेट्रो, नाक्यावरची रिक्षा आणि सिनेमातली लाट : कॉम्प्युटरला दोन भाषा का लागतात?

वर्सोवा म्हटलं की काय आठवतं? कोळीवाड्यात वाळत घातलेले बोंबील, आराम नगरच्या गल्ल्यांमधून एका ऑडिशनहून दुसऱ्या ऑडिशनला पळणारी पोरं-पोरी, यारी रोडवरची ट्रॅफिक.

पण या सगळ्याच्या अधेमधे अजून एक वर्सोवा आहे, तो रस्त्यावरून दिसत नाही. खिडक्यांवर काळे पडदे, आत फुल एसी, दोन-दोन मॉनिटर आणि समोर डोळे तारवटलेली माणसं. वर्सोव्यापासून ओशिवऱ्यापर्यंत अंधेरी पश्चिमेचा हा पट्टा म्हणजे सिनेमा, सिरीयल आणि जाहिरातींच्या एडिटिंग आणि व्हीएफएक्सचा अड्डा. हिरो वायरला लटकून उडी मारतो, ती वायर पुसणारे हात इथे बसलेले असतात.

समजा, अशाच एका स्टुडिओत रात्री अकरा वाजता निरोप येतो. ३०० शॉट्सची नावं बदलायची आहेत, प्रत्येकाची साईझ बदलायची आहे आणि सकाळपर्यंत सगळं पाठवायचं आहे. एका शॉटला २ मिनिटं धरली तरी ६०० मिनिटं, म्हणजे १० तास. टीममधला एकजण पायथन या भाषेत वीस-बावीस ओळी लिहितो, बटण दाबतो आणि चहा पिऊन येईपर्यंत सगळ्या शॉट्सची सेटिंग बदललेली असतात. हिरोची वायर पुसणारा पोरगा त्या रात्री स्टुडिओचा हिरो होतो.

दुसऱ्या दिवशी त्याचा उत्साह वाढतो. एका शॉटची मागची बाजू धूसर करायची असते. तो म्हणतो, हेही पायथनमध्ये स्वतःच लिहू. लिहितो, बटण दाबतो. चहा होतो, जेवण होतं, संध्याकाळ होते, मशीन अजून घरघरतंय. शेजारच्या माणसाने सॉफ्टवेअरमधलं तयार ब्लरचं बटण वापरून तेच काम काही मिनिटांत संपवलेलं असतं.

भाषा तीच, मशीन तेच, माणूसही तोच. मग काल जादू झाली आणि आज माती का झाली?

या प्रश्नाचं उत्तर फक्त व्हीएफएक्सपुरतं नाही. मोबाईलवरचे गेम, हवामानाचे अंदाज, सध्या जिकडेतिकडे चर्चेत असलेलं एआय, या सगळ्याच्या पोटात हीच गोष्ट आहे. विषय नीट समजून घ्यायचा तर आधी थोडा हिशोब करावा लागतो.

एका शॉटमध्ये असतं तरी काय?

फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके. गुणाकार केला तर एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. म्हणजे एका फ्रेमला सुमारे ६२ लाख आकडे.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम दाखवतो. दहा सेकंदांच्या शॉटमध्ये २४० फ्रेम. एकूण आकडे झाले जवळपास १४९ कोटी. फक्त दहा सेकंदांसाठी.

आता ब्लर म्हणजे काय? प्रत्येक ठिपक्याने आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी घ्यायची. ११ बाय ११ चा चौकोन धरला तर प्रत्येक आकड्यासाठी १२१ आकडे बघायचे. १४९ कोटी गुणिले १२१, म्हणजे १८ हजार कोटींहून जास्त बेरजा.

समजा, पायथन सेकंदाला १ कोटी बेरजा करतो आणि सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला प्रोग्राम सेकंदाला १०० कोटी. हे आकडे ढोबळ आहेत, मशीनप्रमाणे बदलतात, पण फरकाचा अंदाज यायला पुरेसे आहेत. पायथनला लागतील साधारण ५ तास. सी प्लस प्लसला ३ मिनिटं.

आदल्या रात्री मात्र कामं होती फक्त ३००. तिथे एका कामाला सेकंदाचा हजारावा भाग लागला काय किंवा लाखावा, कुणाला फरक पडतो? तिथे वेळ माणसाचा वाचत होता. इथे वेळ मशीनचा जात होता. या दोन वेगवेगळ्या वेळा आहेत आणि सगळा खेळ या दोन वेळांचा आहे.

मेट्रो आणि रिक्षा

वर्सोवा-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. रस्त्याने जिथे सहज तासभर जायचा, तिथे मेट्रो वीस-बावीस मिनिटांत पोचवते. पण ती उभी राहायला काही वर्षं लागली. खांब उभारा, रूळ टाका, तपासण्या करा. आणि एकदा रूळ टाकले की ती कुणासाठी वाकडी वळत नाही. यारी रोडला आत एका बिल्डिंगच्या गेटशी जायचं असेल तर मेट्रोचा काही उपयोग नाही.

तिथे लागते रिक्षा. वेग कमी, पण "इथून डावीकडे घ्या, नाही नाही, पुढच्या गल्लीत" असं ऐनवेळी सांगता येतं.

सी आणि सी प्लस प्लस या भाषा मेट्रोसारख्या आहेत. त्यात लिहिलेला प्रोग्राम आधी कंपायलर नावाच्या दुसऱ्या प्रोग्राममधून जातो. कंपायलर सगळा मजकूर वाचतो, कुठे पूर्णांक आहे, कुठे दशांश आहे हे आधीच ठरवतो आणि थेट प्रोसेसरला कळतील अशा सूचना तयार करून ठेवतो. चालवायच्या वेळी विचार करायचा नाही, फक्त धावायचं. यालाच कंपाइल केलेला कोड म्हणतात. लिहायला वेळ लागतो, एक ओळ बदलली तरी पुन्हा कंपाइल करावं लागतं.

पायथन, लुआ, टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषा रिक्षासारख्या. लिहा आणि लगेच चालवा. पण चालवताना प्रत्येक पावलाला विचारणा होते. दोन गोष्टींचा गुणाकार करायचा आहे? आधी बघू या की ही पहिली गोष्ट संख्या आहे की अक्षरं. दुसरी काय आहे? यांचा गुणाकार कसा करतात ते शोधू या. उत्तर ठेवायला नवी जागा घेऊ या. एका गुणाकारासाठी एवढी चौकशी. ३०० वेळा केली तर कळतही नाही. अठरा हजार कोटी वेळा केली तर संध्याकाळ होते.

मग एकच भाषा का निवडायची? वर्सोव्याचा माणूस रोज जे करतो तेच प्रोग्रामरही करतात. मोठं अंतर मेट्रोने, शेवटचा टप्पा रिक्षाने.

न्यूक, माया, हुडिनी, ब्लेंडर ही व्हीएफएक्सची मोठी सॉफ्टवेअर अशीच बांधलेली आहेत. ठिपक्यांचा, प्रकाशाचा, पाण्याचा हिशोब करणारा गाभा सी किंवा सी प्लस प्लसमध्ये. आणि त्या गाभ्याला "हे कर, मग ते कर, मग या नावाने सेव्ह कर" असं सांगायला वर पायथन.

म्हणून पहिल्या रात्री काम झालं. त्या वीस ओळींनी स्वतः एकही ठिपका मोजला नव्हता. त्यांनी फक्त आतल्या मेट्रोला ३०० वेळा शिट्टी मारली होती. दुसऱ्या दिवशी मात्र रिक्षाच घाटकोपरला निघाली.

खरी गंमत जिन्यावर आहे

मेट्रो वेगवान, रिक्षा सोयीची. पण एकीतून दुसरीत जायचं तर मध्ये जिना आहे, तिकीट आहे, रांग आहे. या जिन्याचा खर्च धरला नाही तर सगळं गणित चुकतं.

पायथनमधून सीमध्ये जाताना नेमकं हेच होतं. दोघांची आकडे ठेवण्याची पद्धतच वेगळी. पायथनसाठी प्रत्येक आकडा म्हणजे एक पार्सल. आत आकडा, वर लेबल की हा कोणत्या प्रकारचा आहे, शिवाय किती जण तो वापरतायत याची नोंद. नेहमीच्या ६४ बिट मशीनवर एक दशांश संख्या २४ बाइट घेते. सीमध्ये तीच संख्या ४ किंवा ८ बाइटमध्ये बसते, कोणतंही लेबल नाही. म्हणजे सीमा ओलांडताना पार्सल उघडा, आतला आकडा काढा, सीला द्या, उत्तर आलं की पुन्हा नवं पार्सल बांधा.

समजा, या एका फेरीला सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. काहीच नाही. पण १४९ कोटी आकडे एकेक करून नेले तर नुसत्या ये-जा करण्यात १४९ सेकंद, म्हणजे अडीच मिनिटं जातात. काम अजून सुरूही झालेलं नाही.

आणि आख्खी फ्रेम एकदाच नेली तर? २४० फेऱ्या. त्याला लागतो सेकंदाच्या चाळीस हजाराव्या भागाहूनही कमी वेळ.

दोन भाषा जोडण्याच्या धंद्यातला सगळ्यात मोठा धडा हाच आहे. सीमा कमी वेळा ओलांडा, आणि ओलांडाल तेव्हा हात भरून सामान न्या. प्रत्येक स्टेशनला उतरून रिक्षा शोधणारा माणूस मेट्रोने गेला काय अन् चालत गेला काय, सारखंच.

पायथनमधली नमपाय ही लायब्ररी याच तत्त्वावर उभी आहे. तिचं १.० व्हर्जन २००६ साली आलं. तिच्यात लाखो आकडे सीच्या पद्धतीने, लेबलांशिवाय, एका रांगेत ठेवलेले असतात. पायथनमध्ये एकच ओळ लिहायची की या रांगेला त्या रांगेने गुण. सीमा एकदा ओलांडली जाते, लाखो गुणाकार पलीकडे होतात.

ही आयडिया आली कुठून?

१९८० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत जॉन औस्टरहौट हे प्राध्यापक चिप डिझाईन करायची सॉफ्टवेअर बनवत होते. प्रत्येक सॉफ्टवेअरला आज्ञा द्यायला एक छोटी भाषा लागायची. मुख्य काम महत्त्वाचं, त्यामुळे ही भाषा घाईघाईत कशीतरी बनवली जायची. आणि दर नव्या सॉफ्टवेअरला पुन्हा नवी.

त्यांना वाटलं, एकदाच नीट भाषा बनवू आणि ती कोणत्याही सी प्रोग्राममध्ये बसवता येईल अशी ठेवू. १९८८ मध्ये त्यातून टीसीएल ही भाषा आली. पुढे १९९८ मध्ये एका गाजलेल्या लेखात त्यांनी मांडलं की भाषा दोन कामांसाठी असतात. एक भाग घडवण्यासाठी, दुसरी घडलेले भाग चिकटवण्यासाठी. स्क्रिप्टिंग भाषा म्हणजे डिंक.

तिकडे ब्राझीलमध्ये १९९३ साली रिओच्या पोंटिफिकल कॅथलिक युनिव्हर्सिटीत तिघांनी लुआ बनवली. त्यांचं गिऱ्हाईक होतं ब्राझीलची सरकारी तेल कंपनी पेट्रोब्रास. लुआचा पोर्तुगीज अर्थ चंद्र. ती इतकी छोटी होती की कुठेही मावायची. पुढे गेम बनवणाऱ्यांनी ती उचलली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये खेळाडू स्वतःचे बदल करतात ते लुआत, आणि आज पोरं तासन्‌तास खेळतात त्या 'रोब्लॉक्स'मधली स्क्रिप्टिंगची भाषाही लुआपासूनच बनलेली.

अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत डेव्हिड बीझली यांची अडचण वेगळी होती. भौतिकशास्त्राचे हिशोब करणारा सीमधला वेगवान कोड तयार होता, पण तो स्क्रिप्टमधून चालवायचा तर मधला जोडकाम करणारा कोड हाताने लिहावा लागायचा. शेकडो फंक्शन्स, प्रत्येकाला तेच कंटाळवाणं पार्सल बांधणं आणि सोडणं. १९९५ मध्ये त्यांनी स्विग नावाचं साधन बनवायला घेतलं. सीमधल्या फंक्शन्सची यादी त्याला द्यायची, जोडकाम ते स्वतः लिहून देतं.

आज अशी साधनं बरीच आहेत. सीटाइप्स तर पायथनसोबतच येतं. सायथनमध्ये पायथनसारखंच लिहायचं, फक्त कोणता आकडा कोणत्या प्रकारचा ते सांगायचं, की त्याचा सी कोड तयार होतो. सी प्लस प्लससाठी पायबाइंड ११ लोकप्रिय आहे. नावं वेगळी, काम एकच. जिना बांधून देणं.

सिनेमावाल्यांनी पायथन का उचलला?

'स्टार वॉर्स'साठी जन्माला आलेली इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही कंपनी १९९६ पासून पायथन वापरतेय. शेकडो मशीनवर रात्रभर चालणारी कामं कुणी, कधी, कशी करायची, हे हाकायला त्यांना सोपी भाषा हवी होती.

मग एकेक सॉफ्टवेअर त्या वाटेला लागलं. माया १९९८ मध्ये आलं तेव्हा त्याची स्वतःची एमईएल नावाची स्क्रिप्टिंग भाषा होती. २००७ च्या ८.५ व्हर्जनपासून पायथन आला. हुडिनीतही पायथन २००७ मध्येच आला. न्यूकमध्ये आधी टीसीएल होती, तिथेही पायथन आला. ब्लेंडर तर २००२ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे आणि त्याचीही स्क्रिप्टिंगची भाषा पायथनच.

याचा परिणाम अंधेरीपर्यंत पोचला. १९९७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसने २०१० च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स' या हॉलीवूडपटाचं थ्रीडी रूपांतर केलं. इतकं मोठं काम म्हणजे हजारो फाईल्स, शेकडो माणसं, रोज बदलणाऱ्या सूचना. हे सगळं सांभाळणाऱ्या यंत्रणेला स्टुडिओत पाइपलाइन म्हणतात. आणि पाइपलाइनची भाषा जगभर पायथन झाली.

त्यामुळे झालं असं की भारतात मोठ्या प्रमाणावर होणारं रोटोचं आणि पेंटचं काम, म्हणजे फ्रेम-बाय-फ्रेम आकृती कापणं आणि पुसणं, करणाऱ्या पोरापोरींना वर जायला एक शिडी मिळाली. सी प्लस प्लस शिकायला वर्षं जातात. पण पायथनच्या वीस ओळी लिहून आपलं आणि शेजारच्या चौघांचं काम सोपं करणारा माणूस सीनियरच्या नजरेत येतो. पुढे तो टीडी, म्हणजे टेक्निकल डायरेक्टर होऊ शकतो. गाभा लिहिणारे जगात थोडेच असतात, पण जिना असल्यामुळे त्या गाभ्याकडून काम करून घेणारे हजारो होऊ शकतात.

जिना कोसळतो तेव्हा

आता दुसरी बाजू. दोन भाषांच्या सांध्यावर जी दुखणी होतात ती एकट्या भाषेत होत नाहीत.

पहिलं दुखणं मेमरीचं. पायथनमध्ये कचरा उचलायची व्यवस्था आहे. एखादी गोष्ट कुणीच वापरत नसेल तर ती जागा आपोआप मोकळी होते. सीमध्ये घेतलेली जागा स्वतःच परत करावी लागते. मग सांध्यावर ठेवलेली फ्रेम कुणाची? पायथनला वाटतं सी उचलेल, सीला वाटतं पायथन उचलेल. कुणीच उचलत नाही आणि मशीनची मेमरी भरत जाते. किंवा दोघंही उचलायला जातात, तेव्हा तर सरळ सॉफ्टवेअरच बंद पडतं.

दुसरं, चुकांचं. पायथनमध्ये चूक झाली तर लाल अक्षरात निरोप येतो की अमुक ओळीत गडबड आहे. खालच्या सीमध्ये चुकीच्या जागी हात घातला तर निरोप नाही, काही नाही, पूर्ण प्रोग्राम गायब. तीन तासांचं सेव्ह न केलेलं काम त्यासोबत जातं. वरची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला कळतही नाही की आपलं काय चुकलं.

तिसरं, कुलपाचं. आजच्या मशीनमध्ये आठ, सोळा, बत्तीस कोअर असतात. पण पायथनच्या नेहमीच्या रूपात एक कुलूप असतं, ज्यामुळे एका प्रोग्रामच्या आत एका वेळी एकच धागा पायथन चालवू शकतो. बाकीचे रांगेत. खालचा सी कोड लांबचं काम सुरू करताना ते कुलूप सोडून देऊ शकतो, पण ते लिहिणाऱ्याने लक्षात ठेवून करावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मध्ये हे कुलूप काढलेलं एक प्रायोगिक रूप पहिल्यांदा मिळालं.

आणि चौथं दुखणं तर आख्ख्या इंडस्ट्रीने भोगलं. १ जानेवारी २०२० ला पायथन २ ची अधिकृत देखभाल थांबली. पायथन ३ वर जाणं भाग होतं. ऐकायला सोपं वाटतं, पण पायथन २ मध्ये ७ भागिले २ केलं की उत्तर ३ यायचं. पायथन ३ मध्ये तेच ३.५ येतं. आता फ्रेमचा नंबर शोधणाऱ्या जुन्या स्क्रिप्टला साडेतीन नंबरची फ्रेम कुठून मिळणार?

शिवाय सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले जोडभाग जुन्या पायथनच्या मापाचे होते. ते पुन्हा कंपाइल करायचे. त्यासाठी मूळ कोड हवा. एखादा जोडभाग लिहून देणारा माणूस सोडून गेला असेल आणि कोड सापडत नसेल तर तो भाग गेलाच. एकच स्टुडिओ बदलून भागत नव्हतं, सगळी सॉफ्टवेअर एकत्र बदलायला हवी होती. म्हणून व्हीएफएक्स रेफरन्स प्लॅटफॉर्म नावाचं जे सामाईक वेळापत्रक या क्षेत्रात पाळलं जातं, त्यात २०२० साठी पायथन ३ ठरवला गेला. मायाने २०२२ च्या व्हर्जनमध्ये पायथन ३ नेहमीचा केला.

साकीनाक्याला उतरा, पवईची रिक्षा पकडा

वर्सोव्याहून मेट्रोत बसलं आणि साकीनाक्याला उतरून रिक्षा केली की पवईला आयआयटी बॉम्बे येतं. या विषयातलं मुंबईतलं सगळ्यात महत्त्वाचं काम तिथे झालंय.

तिथल्या एरोस्पेस इंजिनिअरिंग विभागातले प्राध्यापक प्रभु रामचंद्रन आयआयटी मद्रासमध्ये पीएचडी करत असताना, २००१ च्या सुमारास, त्यांनी मायावी नावाचं सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं केलं. विमानाच्या पंखाभोवतीची हवा, पाण्याचा प्रवाह, अशा शास्त्रीय आकड्यांची त्रिमितीय चित्रं काढणं हे त्याचं काम.

ही चित्रं काढणारी व्हीटीके नावाची ताकदवान लायब्ररी आधीपासून होती, पण सी प्लस प्लसमध्ये. पायथनमधून ती वापरता यायची, तरी साध्या चित्रासाठीही बऱ्याच ओळी लिहाव्या लागायच्या. मायावीने वर पायथनचं सोपं दार बसवलं. आज पायथनच्या एका ओळीत असं चित्र उभं राहतं. जिना आधीही होता. मायावीने त्याला सरकता जिना केला.

पुढचं पाऊल अजून धाडसी होतं. आयआयटी बॉम्बेमध्येच पायएसपीएच हा प्रकल्प उभा राहिला. एसपीएच ही पाणी किंवा वायू यांना लाखो कणांचा समूह मानून हिशोब करायची पद्धत. १९७७ मध्ये खगोलशास्त्रासाठी निघाली, नंतर फुटणाऱ्या धरणाचं पाणी, किनाऱ्यावर आदळणारी लाट अशा कामांना लागली. सिनेमातल्या लाटाही अशाच कणांच्या हिशोबावर उसळतात, पद्धती थोड्या वेगळ्या असतात इतकंच.

अडचण ओळखीची. कण दहा लाख, प्रत्येकाचे शेजारी डझनावारी, आणि हिशोब हजारो पावलांचा. पायथनमध्ये अशक्य. सी प्लस प्लसमध्ये शक्य, पण ज्या विद्यार्थ्याला पाण्याचं शास्त्र करायचंय त्याची दोन वर्षं भाषेशी झटापटीतच जायची.

पायएसपीएचने मार्ग काढला. विद्यार्थ्याने समीकरण साध्या पायथनमध्ये लिहायचं. सॉफ्टवेअर ते वाचतं, त्यावरून वेगवान कोड स्वतः तयार करतं, कंपाइल करतं आणि चालवतं. तोच हिशोब अनेक कोअरवर किंवा ग्राफिक्स कार्डवरही जातो. लिहिणाऱ्याला जिना दिसतच नाही. २०२१ मध्ये या कामावरचा शोधनिबंध एसीएमच्या गणिती सॉफ्टवेअरच्या नियतकालिकात आला.

आयआयटी बॉम्बेमधल्याच फॉसी या सरकारी मदतीच्या प्रकल्पानेही असे जिने बांधले. सायलॅब हे फ्रान्समधून आलेलं मोफत गणिती सॉफ्टवेअर. त्याला फॉसीने सी आणि सी प्लस प्लसमधल्या नावाजलेल्या लायब्ऱ्या जोडून दिल्या, म्हणजे कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त फायदा कसा होईल अशी गणितं कॉलेजचे विद्यार्थी लायसन्सचे पैसे न भरता सोडवू शकतात. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये असे विषय मराठीतूनही शिकता येतात.

दार उघडायचं कुणी?

इथे मुद्दा फक्त वेगाचा राहत नाही. विकत घेतलेल्या बंद सॉफ्टवेअरमध्ये पायथन असला तरी गाभ्याची जेवढी दारं कंपनीने उघडी ठेवली तेवढ्यातूनच जाता येतं. स्टुडिओच्या वर्षानुवर्षांच्या स्क्रिप्ट त्या दारांवर अवलंबून असतात. कंपनीने दार हलवलं की इकडे धावपळ. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र जिना पटला नाही तर नवा बांधता येतो. पवईत तेच झालं.

सध्या "एआय शिकायचंय तर पायथन शिका" असं प्रत्येक रीलमध्ये सांगितलं जातं. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. पायटॉर्चसारखी एआयची साधनं हाताळायची पायथनमधून, पण खालचे अब्जावधी गुणाकार सी प्लस प्लसमध्ये आणि ग्राफिक्स कार्डवर होतात. पायथन हळू आहे तरी जगातला सगळ्यात जास्त आकडेमोडीचा धंदा त्याच्यावर चालतो, कारण तो स्वतः मोजत नाही, मोजून घेतो.

मग त्या वर्सोव्यातल्या पोराने काय करायला हवं होतं? आधी सगळं पायथनमध्येच लिहायचं, ते बरोबरच. मग घड्याळ लावून बघायचं की वेळ नेमका कुठे जातोय. बहुतेक वेळा तो दोन-चार ओळींच्या एखाद्या लूपमध्येच सापडतो. तेवढंच काम तयार बटणाला, नमपायला किंवा सायथनला द्यायचं, आणि देताना एकेक ठिपका न देता आख्खी फ्रेम द्यायची. बाकीच्या ओळींना हातही लावायचा नाही.

तेवढं केलं असतं तर मशीन संध्याकाळपर्यंत घरघरत बसलं नसतं, आणि शेवटची मेट्रो सुटायच्या आत पोरगा घरी निघाला असता.